आहेर साहेबांचं अ‍ॅव्हरेज

परवा गाडीचे टायर बदलायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, अ‍ॅव्हरेजवाले टाकू का? पेट्रोल कमी लागेल." मला एकदम हसूच फुटलं. बिचारा गोरामोरा झाला. त्याला वाटलं, मी त्याला थापाड्या समजते आहे. तसं काहीच नव्हतं. टायर बदलल्यानं अ‍ॅव्हरेज वाढतं का, हा विषय कुणी काढला की माझ्यासमोर दिगंबर आहेर येऊन उभे राहतात. उभे म्हणजे उभे नाहीच, उकिडवे. कुणाच्या तरी चाकाशी बसलेले, पँटचा गुडघा मातीनं माखलेला, आणि चेहऱ्यावर नाडी बघणाऱ्या वैद्याचं गांभीर्य.

अंबडच्या आमच्या कारखान्यात आहेर साहेब क्वालिटीला होते आणि मी परचेसला. मी खरेदी केलेला माल ते नापास करायचे, हा आमचा पहिला परिचय. पण दोघंही नाशिक रोडला एकाच कॉलनीत राहायला, त्यामुळे भांडण फार ताणून चालण्यासारखं नव्हतं. त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीतून आम्ही तिघं जायचो. तिसरे अकाउंट्समधले अत्तार. त्यांना कशाचंच टेन्शन नसायचं, म्हणून ते मागे बसायचे आणि मला पुढे बसवायचे.

त्या गाडीत बसायचं म्हणजे एखाद्या कडक सासरी नांदायचं. डिकीत स्टेपनी आणि जॅक सोडून काहीही ठेवायचं नाही, कारण वजन वाढलं की पेट्रोल जातं. पाऊस नसेल त्या दिवशी छत्री आणायची नाही. अत्तारांचा चार खणी डबा बघून साहेब रोज एक सुस्कारा टाकायचे. ईदनंतर मात्र त्याच डब्यातून शीरखुर्मा यायचा, तेव्हा वजनाचा विषय निघायचा नाही. रस्ताही ठरलेला. द्वारका चौकावरून जायचं नाही, तिकडे सिग्नल फार. विहितगाव, वडनेर करत पाथर्डी फाट्याला निघायचं. लांबवर लाल दिवा दिसला की साहेबांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललाच. मग गाडी आपली रमतगमत चालायची. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून, शिव्या देऊन पुढे निघून जायचे आणि सिग्नलला आम्हाला परत भेटायचे. आम्ही पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झालेला असायचा.

"ब्रेक मारला म्हणजे आत्तापर्यंत जाळलेलं पेट्रोल पाण्यात," ते म्हणायचे. आणि त्यांचं आवडतं वाक्य, जे आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागे, ते असं: "गाडी पेट्रोल पीत नाही हो वाघ मॅडम, आपण पाजतो."

इतर साहेब लोकांच्या खिशाला पेन असतं. यांच्या खिशाला टायरमधली हवा मोजायचं गेज. हवा सकाळीच मोजायची, टायर थंड असताना, हा नियम. आपल्याच गाडीची मोजून माणूस थांबला असता तर ठीक होतं. पार्किंगमधल्या कुठल्याही गाडीशी ते बसायचे. टायरची झीज बघून मालकाचा स्वभाव सांगायचे. "आतल्या अंगानं झिजलंय. हा माणूस दुखणं अंगावर काढणारा आहे, अलाइनमेंट करत नाही." आणि गंमत म्हणजे तो मालक मागेच उभा असायचा.

आमच्या मॅनेजरांच्या मुलाचं लग्न होतं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. नवरदेव फेटा बांधून गाडीत बसला होता, मारुतीच्या दर्शनाला निघायचं होतं. बँडवाले तापलेले, करवल्या पुढे सरसावलेल्या. एवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. आहेर साहेब झेंडूच्या माळा बाजूला सारून मागच्या चाकाशी बसले होते. उठले आणि म्हणाले, "ही गाडी जाणार नाही."

मॅनेजरांचा चेहरा पांढरा पडला. "का? काय झालं?"

"हवा अर्ध्यावर आहे. वर आत सहा माणसं. साहेब, शुभकार्य आहे, असं टायर घासत न्यायचं?"

आता क्वालिटीच्या माणसानं नापास केलेली वस्तू आमच्या कारखान्यात पुढे जात नसे, ही सवय मॅनेजरांनाही होतीच. त्यांच्या तोंडून 'बरं' निघून गेलं. नवरदेव, करवली आणि कलश घेतलेल्या मावशी अशी ती गाडी आधी पेट्रोल पंपावर गेली. बँड तिच्यामागे वाजत गेला, कारण त्याला कुणी थांब म्हणून सांगितलंच नाही. त्या लग्नाच्या अल्बममध्ये हवा भरतानाचे फोटो आहेत, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या अल्बममध्ये तेवढेच बघण्यासारखे आहेत.

अत्तारांचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. "साहेब, टायर तो टायर है. गोल आहे, काळा आहे, अजून काय पाहिजे?"

"असं कसं? तुम्ही बूट घालून चाला आणि चप्पल घालून चाला. दम सारखाच लागतो का?" मग साहेब सुरू व्हायचे. रुंद टायर रस्त्याला जास्त चिकटतं, मऊ टायर रस्त्यावर दबतं आणि त्या दबण्यात इंजिनाची ताकद वाया जाते, कडक नि अरुंद टायर हलकं पळतं. अत्तार डोळे मिटून ऐकायचे. वडनेर येईपर्यंत त्यांना झोप लागलेली असायची.

मला आधी वाटायचं, माणूस चिकट आहे. पण चिकट माणूस दुसऱ्याच्या गाडीत स्वखुशीनं हवा भरत बसत नाही. त्यांना वाया गेलेलं काही बघवत नसे, एवढंच. आणि ती गाडी जपण्याचं आणखी एक कारण होतं. ते मला साहेब रिटायर झाल्यावर कळलं.

ते कारण नांदगावला राहायचं. जिजी. साहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या बाईनं दिगूला कडेवर घेऊन वाढवलं, शिकायला नाशिकला धाडलं. स्वतःचा संसार थोड्याच दिवसांत मोडला, तो पुन्हा मांडला नाही. म्हातारपणी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. नाशिकला चला म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. आपल्या घराच्या भिंती हाताला ओळखीच्या आहेत, तुमच्या घरात मी आंधळी होईन, म्हणायच्या. रिटायर झाल्यापासून साहेब दर रविवारी नांदगावला जायचे. जिजींना पुढच्या सीटवर बसवायचे आणि गावाबाहेरच्या रस्त्यानं हिंडवून आणायचे. काय काय दिसतंय ते सांगत राहायचे. कुणाचा मळा, कुणाचा कांदा, कुणी नवीन घर बांधलं. जिजी खिडकीची काच खाली करून वारा घ्यायच्या आणि मधूनच विचारायच्या, "अन् कडेची चिंच? हाय का तोडली?" आठवडाभर त्या घरात बसून या एका फेरीची वाट बघायच्या.

हीच फेरी पुढे धोक्यात आली, आणि ती आणली टायरनं.

झालं असं की साहेबांच्या साठीला त्यांच्या जावयानं भेट दिली: चार रुंद टायर आणि चकाकत्या मोठ्या रिम. आमच्याकडे सासऱ्यानं जावयाला द्यायची रीत. अधिक महिन्यात ताट भरून द्यायचं, सणाला द्यायचं. इथं जावईच देतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? पोरगं गुणी, मनापासून आणलेलं. साहेबांनी तोंडभर हसून घेतलं. गाडी दिसायला झोकदार झाली आणि अ‍ॅव्हरेज धाडकन खाली आलं.

साहेबांची सहनशक्ती मी तेव्हा पाहिली. ते टायर बदलायचे म्हणजे जावयाचा अपमान. कारण सांगायचं म्हणजे तर जावयाच्या भेटीलाच नावं ठेवायची. सकाळी कॉलनीत भेटले की माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, घरातलं दुखणं सांगावं तसं. "वाघ मॅडम, फार पितेय हो."

त्यांची मुलगी स्नेहल इंदिरानगरला असते. एका संध्याकाळी तिनं निकाल दिला. "बाबा, गाडी म्हातारी झाली. पूर्वीचं अ‍ॅव्हरेज राहिलं नाही, तुम्हीच सांगता. दिवाळीपर्यंत बघू. नाही सुधारली तर विकायची. नांदगावला रेल्वे जाते की, स्टेशन तुमच्या घराजवळ."

रेल्वे जाते, पण रेल्वे जिजींना मळ्यातून हिंडवत नाही. सून असती तर साहेबांनी वाद घातला असता, मुलीपुढे त्यांचं कधी चाललंच नाही. पण त्या दिवसापासून त्यांना झोप नव्हती. अ‍ॅव्हरेज आलं नाही तर गाडी जाणार, आणि गाडी गेली तर जिजींचा रविवार जाणार.

देवानं ऐकलं. म्हणजे मनमाडच्या रस्त्यावर लोखंडाची पट्टी लागून एक रुंद टायर चिरलं. साहेबांनी ही दुःखद बातमी मला ज्या आनंदानं सांगितली, तो मी विसरणार नाही. जावयाला फोन झाला, "आता जोडी मिळत नाही हो तसली, नाइलाज आहे," आणि आम्ही तिघं द्वारकेच्या टायरवाल्याकडे. रिम जुन्या, लोखंडीच बसवायच्या ठरल्या. चकाकत्या रिम गोधडीत गुंडाळून माळ्यावर गेल्या, जावई आला तर दाखवायला.

टायरवाला म्हणाला, "अ‍ॅव्हरेजवालं कडक टायर आहे, पण तुमच्या साइझमध्ये नाही. एक नंबर लहान बसेल. काही फरक पडत नाही."

साहेबांनी ज्या घाईनं मान डोलावली, तशी त्यांनी क्वालिटीत असताना कधी डोलावली नव्हती. माझ्या एखाद्या सप्लायरनं 'काही फरक पडत नाही' म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला गेटबाहेर काढलं असतं. पण जिजींचा रविवार समोर दिसत होता.

आणि अ‍ॅव्हरेज वाढलं! टाकी काठोकाठ भरून, त्याच पंपावर, गाडी त्याच जागी सपाट उभी करून त्यांनी दोनदा ताडून पाहिलं. नव्या गाडीसारखं अ‍ॅव्हरेज. कॉलनीत पेढे वाटले. वॉचमननं विचारलं, "काय, नातू झाला का?" अत्तारांना मुद्दाम फोन करून ऐकवलं. अत्तार म्हणाले, "मान गये साहेब. टायर फक्त गोल नसतं." स्नेहलनंही हात टेकले. गाडी राहिली.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी साहेबांनी मला नि अत्तारांना पार्किंगमध्ये बोलावलं. चेहरा पडलेला.

"नांदगाव लांब गेलंय," ते म्हणाले.

आम्हाला काही कळेना.

"माझ्या गेटपासून जिजीच्या दारापर्यंत किलोमीटरचा काटा नेहमी एकच आकडा दाखवतो. आता दर खेपेला जास्त दाखवतोय. रस्ता तोच. मग मी चांदवडच्या पुढं रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि काटा ताडून बघितला. काटा दगडाच्या पुढं पळतोय." त्यांनी चाकावर हात ठेवला. "चाक लहान झालं ना. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे लागतात. आणि काटा अंतर मोजत नाही, फेरे मोजतो. गाडी जास्त चाललीच नाही. नुसतं दिसलं तसं. टायरनं दिलं, नाही असं नाही, पण थोडंसंच. बाकीचं सगळं काट्याचं."

अत्तार हसू दाबत म्हणाले, "मग जाने दो ना साहेब. नांदगाव थोडं लांब गेलं, कुणाचं काय बिघडतं? गाडी राहिली, बहीणजी खुश, मुलगी खुश."

"मी आयुष्यभर लोकांचा माल नापास केला, अत्तार. गेज चुकीचं होतं हे सबब म्हणून कधी ऐकून घेतलं नाही."

"ते कारखान्यात. हे घरात."

"स्नेहलनं माझ्यावर विश्वास ठेवून गाडी ठेवली." त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "तिला सांगायला पाहिजे. तुम्ही दोघं थांबा जरा, ती येतेय."

मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. एवढं खरं बोलायची गरज काय असते काही माणसांना? आंधळ्या म्हातारीच्या रविवारपेक्षा काट्याचा खरेपणा मोठा का? पण तेवढ्यात स्नेहल जिजींसाठी डबा घेऊन फाटकातून आत आली.

साहेबांनी तिला सगळं सांगितलं. रुंद टायरचंही सांगितलं, जावयाचं नाव न घेता, आणि लहान टायरचंही. काटा, फेरे, चांदवडचे दगड. स्नेहल शांतपणे ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

"दगडावरचे आकडे कसे वाचले?"

"कसे म्हणजे? प्रत्येक दगडाशी थांबून. खाली उतरून बघितले."

"खाली उतरून का? गाडीतून दिसत नव्हते?"

अत्तारांनी माझ्याकडे पाहिलं. चालत्या गाडीतून आपण सगळेच ते दगड वाचतो, न बघता वाचतो. हा माणूस गाडी थांबवून, उतरून, जवळ जाऊन वाचत होता, आणि ते विचित्र आहे हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

"बाबा, कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं गं. लांबचं जरा पुसट दिसतं."

"जिजीआत्याचं पण असंच सुरू झालं होतं." स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती चिडली. "अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज! मला काय करायचंय हो तुमचं अ‍ॅव्हरेज! मागच्या वर्षी तुम्ही मला आणायला आलात, तेव्हा माझ्या बिल्डिंगच्या पुढं निघून गेलात. तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे. डोळे तपासा म्हटलं की तुम्ही उडवून लावता. म्हणून अ‍ॅव्हरेजचं निमित्त केलं. तुम्हाला दुसरं काही कळतच नाही, तर मी काय करू?"

आहेर साहेबांनी खिशातून किल्ली काढली. तिच्याकडे एकदा पाहिलं आणि स्नेहलच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती. "आजचं तेवढं जिजीला कळवायला पाहिजे," म्हणाले, "ती वाट बघत बसेल." आणि जिन्याच्या पायरीवर बसले. माणूस इतका लहान दिसलेला मी पाहिला नव्हता. मघाचा राग कुठल्या कुठे गेला, आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

स्नेहलनं किल्ली मुठीत धरली. मग डबा मागच्या सीटवर ठेवला, चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "चला. कळवायला कशाला पाहिजे? मला सुट्टीच आहे आज."

मला मनमाडला मावसबहिणीकडे जायचं होतंच. अत्तार फाटकाशी थांबून हात हलवत राहिले, मी निर्लज्जपणे मागे बसले. साहेब पुढे. मुलगी पहिल्यांदाच त्यांना एवढ्या लांब नेत होती, तरी गिअरबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मनमाड आलं तरी मी उतरले नाही. बहिणीला फोन करून संध्याकाळी येते म्हणून सांगितलं. मला जिजींना बघायचं होतं.

जिजी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढरं नऊवारी, केस चापून बसवलेले. गाडीच्या आवाजानं उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी हात धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि मग आमच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. स्नेहलला खुणेनं चालकाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः तिच्या मागे, माझ्या शेजारी येऊन बसले. आपला भाऊ आता गाडी चालवत नाही, हे साहेबांना जिजींना कळू द्यायचं नव्हतं. डोळे जाणं म्हणजे काय ते त्या घरात फक्त जिजींनाच ठाऊक होतं.

गाडी गावाबाहेर पडली. "दिगू," जिजी म्हणाल्या, "आज लय गप हायेस. काय दिसतंय?"

साहेब दोन सीटच्या मधून पुढे वाकले, थेट स्नेहलच्या खांद्यापर्यंत, म्हणजे आवाज तिच्या जागेवरून यावा. पण बोलणार काय? लांबचं त्यांना दिसत नव्हतं. हे स्नेहलच्या ध्यानात आलं. रस्त्यावरची नजर न काढता ती पुटपुटली, "डावीकडे कांद्याची लागण. चार बायका, एकीच्या डोक्यावर लाल ओढणी."

"डाव्या हाताला कांदा लावत्यात, जिजी," साहेब मोठ्यानं म्हणाले. "चार बायका हायेत. एकीची ओढणी लाल हाय."

"अन् फुडं?"

"विहिरीला नवीन कठडा," स्नेहल पुटपुटली.

"विहिरीला कठडा बांधलाय बघ नवा."

असं बराच वेळ चाललं. ती बघायची, हे सांगायचे. खड्डा आला की गाडी अगदी हळू, न हिसकता, खाली उतरून वर यायची. बापाचाच पाय होता तो, बघताना शंका येऊ नये इतका. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते, कारण मला रडू आवरत नव्हतं.

रस्त्याच्या वळणावर जिजींनी गिअरच्या बाजूला हात नेऊन चाचपलं. तो स्नेहलच्या मनगटाला लागला, बांगड्यांना लागला, आणि तिथंच राहिला.

"दिगू," त्या म्हणाल्या, "असं वाकून मान मोडंल तुझी. मागं टेकून बस नीट. लय वर्सं चालवली गाडी. पोरगी चांगली चालवती."

आहेर साहेब मागे सरकले आणि हळूच टेकून बसले. नांदगावच्या त्या रस्त्यावर ते पहिल्यांदाच गाडीत मागे बसले होते, आणि त्या गाडीत मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. पुढच्या महिन्यात माझी पुण्याला बदली झाली.

स्नेहलला आता पुटपुटायचं काही कारण उरलं नव्हतं. "आत्या," ती मोठ्यानं म्हणाली, "उजव्या हाताला बघ, चिंच आली तुझी. तोडलेली नाही."